कानाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया: पहिल्या भेटीपासून सहाव्या महिन्यापर्यंत

बाहेरून दिसणाऱ्या कानात हाड नसतं. त्वचेच्या दोन पातळ थरांमध्ये कूर्चेचा एक लवचीक, वळणावळणाचा पत्रा असतो. खालची मऊ पाळी तेवढी कूर्चेविना, नुसती त्वचा आणि चरबी. ओटोप्लास्टी म्हणजे हा पत्रा नव्यानं दुमडणं, मागे ओढून बसवणं किंवा थोडा कापून लहान करणं.

या कूर्चेचे दोन गुण आधी समजून घ्या, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना त्यांतूनच निघते. पहिला गुण, तिला जुना आकार सोडवत नाही. कान बोटानं दुमडून सोडला तर लगेच पूर्ववत होतो. शस्त्रक्रियेनंतरही ती तेच करू पाहते. आतले टाके यासाठीच असतात, आणि रात्रीचा पट्टा (हेडबँड) ते टाके ओढले जाऊ नयेत म्हणून. दुसरा गुण, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या एका पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त किंवा पू साठला की कूर्चा उपाशी पडते आणि काही दिवसांत मरू लागते. मेलेली कूर्चा पुन्हा तयार होत नाही.

कान नेमका कुठे पुढे आला आहे?

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी हे स्वतः आरशात पाहून घ्या. साधारणपणे कानाच्या बाहेरच्या कडेपासून डोक्यापर्यंतचं अंतर वरच्या टोकाला १० ते १२ मिलिमीटर, मध्यावर १६ ते १८ आणि खाली पाळीजवळ २० ते २२ मिलिमीटर असतं. वरच्या किंवा मधल्या भागात ते २० मिलिमीटरच्या बरंच पुढे गेलं की कान 'सुपासारखा' दिसू लागतो. पण आकड्यापेक्षा कारण महत्त्वाचं, आणि कारणं मुख्यतः तीन.

कानाच्या बाहेरच्या गोल कडेच्या आत तिला समांतर अशी एक दुसरी घडी असते. ती जन्मतःच नीट पडलेली नसेल तर कानाचा वरचा भाग सपाट आणि उघडा राहतो. दुसरं कारण वाटीचं. कानाच्या छिद्राभोवतीचा खोलगट भाग प्रमाणाबाहेर खोल असेल तर तो सगळा कान डोक्यापासून दूर ढकलतो. तिसरं कारण पाळी, जी कधीकधी एकटीच पुढे आलेली असते.

घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. कानाची वरची कड एका बोटानं हलकेच मागे दाबा. तेवढ्यानं आत घडी दिसली आणि कान हवा तसा बसला, तर अडचण मुख्यतः घडीची आहे. कड मागे गेली तरी मधला भाग पुढेच राहिला, तर वाटी खोल आहे. पुष्कळ जणांत दोन्ही कारणं एकत्र असतात. घडीच्या अभावाकडे लकेट या सर्जननी १९१० साली लक्ष वेधलं. त्याआधी कानामागची त्वचा कापून कान ओढून शिवण्याकडेच कल होता. त्वचा ताणते, कूर्चा मात्र ताणली जात नाही, त्यामुळे नुसत्या त्वचेवर विसंबलेला कान पुन्हा बाहेर येतो. आजही कोणी 'फक्त त्वचा काढून कान मागे बसवू' म्हणालं तर आतल्या कूर्चेचं काय करणार, हे विचारावं.

वय आणि योग्य वेळ

नवजात बाळाच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचारही करू नका, त्याआधीची एक सोपी संधी असते. आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाची कूर्चा पहिले काही आठवडे खूप मऊ असते. त्या काळात खास साच्यानं किंवा पट्टीनं कान हव्या आकारात धरून ठेवला तर बऱ्याचदा तो तसाच टिकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम. दीड-दोन महिन्यांनंतर कूर्चा कडक होत जाते आणि उपयोग कमी होतो. 'मोठं झाल्यावर बसेल आपोआप' असं म्हणत ही वेळ हातची जाते, याचं फार वाईट वाटतं.

त्यानंतर वाट पाहायची ती ५ ते ६ वर्षांपर्यंत. या वयात कान जवळजवळ प्रौढ आकाराचा झालेला असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनं वाढ खुंटण्याची भीती उरत नाही. शिवाय मूल पट्टी सांभाळण्याइतकं समजूतदार झालेलं असतं. मात्र मुलाला स्वतःला हे हवं आहे का, ते शांतपणे विचारा. पालकांना खटकतं पण मुलाला त्याचं काहीच नाही, अशा वेळी थांबावं. मनाविरुद्ध झालेल्या शस्त्रक्रियेनंतर मूल पट्टी ओढून काढतं, आणि मग टाके उसवतात.

मोठेपणी वयाची वरची मर्यादा नाही. वाढत्या वयात कूर्चा कडक होते एवढाच फरक, म्हणून नुसत्या टाक्यांबरोबर ती थोडी कमकुवतही करावी लागते.

कान जन्मतःच अपुरा किंवा जवळजवळ नसल्यासारखा असेल, तर ते काम वेगळं. तिथे बहुधा बरगडीची कूर्चा घेऊन कान घडवावा लागतो. दागिन्यानं फाटलेली पाळी शिवणं त्याउलट छोटं काम आहे; जागेपुरती भूल देऊन ते होतं. पाळी पुन्हा टोचायची असेल तर किमान तीन महिने थांबा आणि जुन्या व्रणावरच टोचू नका. तिथली त्वचा कमकुवत असते.

ऐकण्यावर या शस्त्रक्रियेचा परिणाम होत नाही. काम बाहेरच्या कूर्चेवर चालतं, पडद्याला किंवा आतल्या कानाला हात लागत नाही.

पहिल्या भेटीत

प्लास्टिक सर्जन किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ हे काम करतात. ते कान तीन ठिकाणी मोजतील, कूर्चा किती कडक आहे ते दाबून पाहतील आणि समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो घेतील. तुम्ही स्वतःही असे फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी 'आधी कसा होता' हे आठवणीवर सोडलं तर तुलना चुकते.

घेत असलेलं प्रत्येक औषध सांगा, काढेचूर्णंसुद्धा. पूर्वीची एखादी जखम किंवा कान टोचल्याची जागा फुगून जाड, वाढता व्रण झाला असेल तर तो दाखवा. असा व्रण कानामागेही येऊ शकतो, आणि ज्यांची तशी प्रवृत्ती आहे त्यांनी हा निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा. चष्मा किंवा कानामागे अडकवायचं श्रवणयंत्र वापरत असाल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. कान डोक्याला फार चिकटवला तर काडी किंवा यंत्र बसायला मागे खाच उरत नाही.

हे प्रश्न लिहून न्या:

- माझ्या कानात अडचण घडीची, वाटीची की पाळीची? प्रत्येकासाठी काय करणार?
- आतले टाके कायमचे की विरघळणारे? कायमचा धागा पुढे त्वचेतून डोकावला तर काय?
- पहिल्या रात्री दुखणं वाढलं तर कोणाला फोन करायचा, आणि रात्री बघायला कोण असेल?
- कान काही महिन्यांत पुन्हा बाहेर आला तर दुरुस्ती कधी आणि कोणत्या अटींवर?

यांतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरीकडे जा.

अपेक्षेबद्दलही इथेच स्पष्ट बोला. दोन्ही कान हुबेहूब सारखे कोणाचेच नसतात. शस्त्रक्रियेनंतरही दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहू शकतो आणि तो चांगल्याच निकालात धरला जातो. एकच कान पुढे असला तरी जुळणी साधावी म्हणून काही वेळा दोन्हींवर काम करावं लागतं.

तयारी

धूम्रपान किमान चार आठवडे आधीपासून बंद, आणि नंतरही तितकेच दिवस. निकोटीननं त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कानाची त्वचा आधीच पातळ, तिला हे सोसत नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि ई जीवनसत्त्व किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून त्या कधी थांबवायच्या ते विचारा. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. तो निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरांनी आणि सर्जननी मिळून घ्यायचा असतो.

पूर्ण भूल द्यायची असेल तर साधारण ६ तास आधीपासून खाणं बंद आणि २ तास आधीपासून पाणीही बंद. तुम्हाला मिळालेली वेळ यापेक्षा वेगळी असेल तर तीच पाळा. आदल्या दिवशी केस धुऊन ठेवा, पुढचे बरेच दिवस धुता येणार नाहीत. कानातलं सगळं काढा. आणि पुढून बटणं असलेले कपडे आतापासूनच बाजूला काढा. डोक्यावरून ओढून घालायचा टीशर्ट कान पुढे दुमडत निघतो, आणि नवे टाके नेमके त्याच दिशेनं तुटतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

लहान मुलांना सहसा पूर्ण भूल देतात. मोठ्यांना जागेपुरती भूल पुरते, हवं तर सोबत गुंगीचं औषध. भुलेच्या औषधात ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्यानं रक्त कमी येतं. टोचताना दोन-तीन मिनिटं चांगलंच चुणचुणतं, त्यानंतर दुखत नाही; पण आवाज ऐकू येतात. कूर्चा खरवडण्याचा कुरकुर आवाज अगदी कानाशीच होतो आणि आधी माहीत नसेल तर माणूस दचकतो. दोन्ही कानांना मिळून बहुधा एक ते दोन तास लागतात, गुंतागुंतीचं काम असेल तर आणखी थोडा.

काप कानाच्या मागे, डोके आणि कान यांच्यामधल्या खाचेजवळ घेतात, त्यामुळे व्रण सहसा नजरेला पडत नाही. त्वचा उचलून कूर्चा उघडी केली की खरं काम सुरू होतं.

घडी पाडायची असेल तर कूर्चेच्या मागच्या बाजूनं काही टाके घेऊन ते हळूहळू आवळतात, तशी पुढून घडी उमटते. मुस्टार्डे या सर्जननी १९६३ साली मांडलेली ही पद्धत अजून जगभर चालते. कूर्चा कडक असेल तर तिच्या पुढच्या पृष्ठभागावर हलके चरे पाडतात. कूर्चेला एका बाजूनं चरे दिले की ती विरुद्ध बाजूला वाकते, त्यामुळे टाक्यांवरचा ताण कमी होतो. चरे खोल गेले तर मात्र गोलाईऐवजी धारदार कंगोरा दिसतो, आणि तो नंतर लपवणं अवघड असतं. वाटी खोल असेल तर ती कानामागच्या हाडावरच्या आवरणाला टाक्यांनी बांधतात (ही पद्धत फर्नास या सर्जननी १९६८ साली मांडली), किंवा तिची एक चकती कापून काढतात. हे टाके चुकीच्या जागी पडले तर वाटी पुढे सरकून कानाचं छिद्र अरुंद होतं. अनुभवी सर्जन टाका आवळण्यापूर्वी छिद्राकडे पुन्हा एकदा पाहतात. पाळी पुढे असेल तर शेवटी मागची थोडी त्वचा काढून ती आत घेतात.

मग त्वचा शिवून कानाच्या वळणांत ओलसर कापूस भरतात, म्हणजे नवी घडी आतून धरलेली राहते आणि रक्त साठायला पोकळी उरत नाही. त्यावर डोक्याभोवती पट्टी. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

मुलांना या शस्त्रक्रियेनंतर उलट्या होण्याचं प्रमाण जास्त असतं. पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेची एक शाखा कानाच्या त्वचेलाही मिळते, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. भूलतज्ज्ञांना आधीच सांगून उलटीचं औषध ठरवून घ्या. घरी आल्यावर घोट-घोट पाणी, आणि ते टिकलं तरच हलकं खाणं.

पहिले ४८ तास

सगळ्यात जास्त लक्ष याच काळात द्यायचं. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून पाठीवर झोपा. मूल कुशीवर वळत असेल तर मानेभोवती घालायची घोड्याच्या नालासारखी उशी कामाला येते. खाली वाकणं, जड उचलणं, जोरानं नाक शिंकरणं टाळा.

दोन्ही कान ठणकतात, जड वाटतात. पॅरासिटामॉलनं हे आटोक्यात राहतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरू लागतं. कापसामुळे ऐकू कमी येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पट्टीवर लालसर डागही चालतो.

न चालणारी गोष्ट एकच: एका बाजूचं दुखणं, जे गोळीला दाद देत नाही आणि तासागणिक वाढतं. याचा अर्थ पट्टीखाली रक्ताची गाठ होत असू शकते. मग रात्र असो की सुट्टी, लगेच फोन करा आणि त्याच दिवशी पट्टी उघडून कान दाखवा. गाठ वेळेत काढली तर कान वाचतो. उशीर झाला तर कूर्चा आकसून कान गाठाळ होतो, जसे पैलवानांचे होतात. 'शस्त्रक्रिया झाली आहे, दुखणारच' म्हणत गोळ्या वाढवत बसणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

पट्टी सुटल्यावर

पट्टी कोणी एका दिवसात काढतात, कोणी आठवडाभर ठेवतात; तुमचे सर्जन सांगतील ते धरा. ती सुटल्यावर दिसणारा कान सुजलेला, निळसर-जांभळा आणि अपेक्षेपेक्षा जास्तच मागे चिकटलेला असतो. हे बहुधा मुद्दाम केलेलं असतं. कूर्चा थोडी परत येणार हे धरूनच ती जरा जास्त मागे नेतात. पहिल्याच दिवशी फोटो काढून निराश होऊ नका.

त्वचेचे टाके विरघळणारे नसतील तर ७ ते १० दिवसांत काढतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसानंतर कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, कान लाल-गरम झाला, स्राव किंवा वास आला तर तो संसर्ग समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कूर्चेच्या आवरणात संसर्ग पसरला तर घरात उरलेली कुठलीही प्रतिजैविकं पुरत नाहीत. त्यात अनेकदा स्यूडोमोनास हा जंतू असतो आणि त्याला ठरावीक औषध लागतं.

आता हेडबँड. रुंद, मऊ, खेळाडू वापरतात तसा घ्या. पहिल्या काही दिवसांत तो रात्रंदिवस आणि पुढे एकूण ४ ते ६ आठवडे झोपताना वापरायचा असतो. झोपेत कान उशीला अडकून पुढे दुमडू नये, एवढंच त्याचं काम. कान दाबून मागे बसवण्यासाठी तो नसतो. म्हणून बँड आणि कपाळ यांच्यात एक बोट सहज सरकलं पाहिजे. घट्ट बँडखाली बधिर त्वचेला फोड येतात आणि कळतही नाही. बँड कपाळाकडून सुरू करून मागच्या दिशेनं चढवा, म्हणजे कान सपाट बसतात. मागून पुढे ओढला तर तो कान दुमडत येतो.

असे लहान लहान ओढ देणारे शत्रू आणखीही आहेत. कानात अडकवायचा मास्क दिवसभर कान पुढे खेचतो. सहा आठवडे डोक्यामागे बांधायचा वापरा. घट्ट बसणारं हेल्मेट चढवताना-काढताना कान मुरगळतो. फोन स्पीकरवर घ्या, कानावर बसणारे हेडफोन बाजूला ठेवा. चष्म्याची काडी पहिले काही दिवस पट्टीच्या वरून ठेवावी लागते.

केस धुण्याची परवानगी मिळाल्यावर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू वापरा. ड्रायर गार हवेवरच ठेवा. कानाची त्वचा काही आठवडे, कधीकधी काही महिने बधिर असते. गरम हवेनं भाजलं तरी जाणवत नाही. कडाक्याच्या थंडीतही हेच लक्षात ठेवा.

शाळा किंवा बैठं काम साधारण आठवड्याभरात सुरू होतं. पळणं, व्यायाम तीन-चार आठवड्यांनी, पोहणं चार ते सहा आठवड्यांनी. कुस्ती, फुटबॉल, कराटे अशा अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांना दोन ते तीन महिने थांबा. मुलाच्या वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या. गंमत म्हणून कान ओढणारं कोणीतरी वर्गात असतंच.

नंतर लक्षात येणाऱ्या गोष्टी

दीड महिन्यात बरीच सूज जाते. अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी ठरवावा. त्याआधी दुरुस्तीचा हट्ट धरू नका, सुजेवर शस्त्रक्रिया करणं म्हणजे चुकीच्या मापावर कपडा बेतणं.

सूज गेल्यावर कानाचा मधला भाग आत आणि वरचं टोक व पाळी बाहेर दिसत असेल, तर मधल्या भागावर गरजेपेक्षा जास्त काम झालं आणि वर-खाली कमी झालं. समोरून पाहताना कानाची बाहेरची कड आतल्या घडीच्या मागे लपली असेल, तर घडी जास्त आवळली गेली. दोन्ही दुरुस्त करता येतात. कान पुन्हा बाहेर आला तर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच येतो, आणि त्यामागे सैल झालेला किंवा कूर्चेतून कापत गेलेला टाका असतो. कानामागचा व्रण महिनोन्‌महिने लालसर राहतो, मग फिका पडतो. तो काठाबाहेर फुगत जाऊन खाजू लागला तर लवकर दाखवा. सुरुवातीला स्टेरॉइडच्या इंजेक्शननं त्याला आवर घालता येतो.

कायमचा धागा वापरला असेल तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, कानामागे पुरळासारखा दाणा येतो आणि त्यातून पांढरा किंवा पारदर्शक धागा डोकावतो. तो चिमट्यानं ओढू नका, फोडू नका. डॉक्टर जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत तो काढतात. शस्त्रक्रियेला सहा महिने उलटून गेले असतील तर तोवर आतल्या व्रणपेशींनी घडी धरून ठेवलेली असते, त्यामुळे धागा निघाला तरी कान सहसा जागेवरच राहतो.